मनमाडच्या माणसाची बोट

मला सतरा जणांचे आवाज काढता येतात. नांदगावच्या शाळेतले हेडमास्तर येतात, त्यांची सायकल येते, सायकलीमागं धावणारं कुत्रंसुद्धा येतं. सातपूरच्या कारखान्यातले आमचे शेठ येतात, फोनवरचे वेगळे आणि समोरचे वेगळे. नाशिकरोडचा गाडीची घोषणा करणारा तर इतका हुबेहूब येतो, की एकदा दोन पाव्हणे माझ्या आवाजावर जिना चढून पलीकडच्या फलाटावर गेले होते. पण भालेरावमामा मी आता काढत नाही. म्हणजे येतात. घोगरा आवाज, वाक्याच्या मध्येच खाकरणं, सगळं येतं. पण कुणी म्हणालं, "कर की रे मनमाडचा म्हातारा," तर मी आपला शेठचा फोन सुरू करतो.

मामा मनमाडचे. रेल्वेत डब्यांचे सुतार होते. बर्थ, खिडक्या, दारं, बाकाच्या फळ्या, जन्मभर तेच. रिटायर झाल्यावर आमच्या शेठनी त्यांना सातपूरला आणलं. आमच्याकडं फायबरच्या पाण्याच्या टाक्या व्हायच्या. टाकीला आधी लाकडी साचा लागतो आणि साच्याला सुतार. मी तिथं स्टोअरकीपर होतो. म्हणजे किल्ल्यांचा जुडगा कमरेला आणि दिवसभर लोकांच्या नकला. मामा मला 'रेडिओ' म्हणायचे. "रेडिओ, दीड इंची स्क्रू दे. अन् मंग बंद हो जरा."

रोज सकाळच्या गाडीनं मनमाडहून यायचे. गेटातून आत आले की जय भीम म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "भरलं का?"

पहिल्या दिवशी मला काही कळेना. म्हटलं, काय भरलं? फॉर्म? पोट? तर ते पाण्याबद्दल विचारत होते. मनमाडला त्यांच्या वस्तीत सगळे एकमेकांना असंच विचारायचे. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. पाच दिवसांनी येईल, पंधरा दिवसांनी येईल. आलं की भरायचं. माणूस भेटला की त्याचं भरून झालं का ते विचारायचं, बाकीच्या चौकशा नंतर. इकडं सातपूरला नळ धो धो वाहायचा, तरी मामांचं ते सुटलं नव्हतं.

पाणी कधी अर्ध्या गिलासाच्या वर घ्यायचे नाहीत. वरून ओतून प्यायचे, थेंब हनुवटीवर नाही. लागलं तर परत अर्धा. मी एकदा हातावर साबण चोळत उभा होतो आणि नळ चालू होता. मामा लांबून चालत आले, नळ बंद केला, मला हातानं खूण केली की चोळ, चोळून झाल्यावर परत नळ सोडला आणि गेले. मला शाळेत छड्या बसल्यात, त्यांचं एवढं वाटलं नव्हतं.

आणि दुसरं त्यांचं वेड म्हणजे स्क्रू. स्क्रूच्या डोक्यावर खाच असते ना, ती मामांना उभीच लागायची. दार असो, फळी असो, सगळ्या खाचा एका ओळीत उभ्या. काम झालं की अंगठ्याचं नख एकेका खाचेतून फिरवत जायचे. एखादी तिरकी लागली की थांबायचे. "झोपला बघ हा," म्हणायचे, आणि खिशातला छोटा पेचकस काढून त्याला उठवायचे. मी म्हटलं, "मामा, आतल्या बाजूचा स्क्रू हाय, कोण बघतंय?" तर म्हणाले, "स्क्रू बघतो ना."

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी चौघापाचांसमोर त्यांची नक्कल करत होतो. अर्धा गिलास वर धरून, मान मागं, "भरलं का?" वगैरे. सगळे हसत होते आणि एकदम हसायचे थांबले. मला कळलं, मागं कोण उभं आहे ते. वळलो. मामा म्हणाले, "चांगलं केलंस. पण गिलास डाव्या हातात धरलास. मी उजव्यानं पितो." मग म्हणाले, "अन् गिलास खरा भर. रिकाम्यानं मान तेवढी मागं जात नाय." मी परत करून दाखवली. त्यांनी एखादा सांधा तपासावा तशी तपासली आणि म्हणाले, "हां. आता बसली."

असं चाललं होतं, आणि एक दिवस कॅप्टन सबनीस आले.

कॅप्टन म्हणजे जहाजावरचे. मालवाहू जहाजावर जन्म काढून रिटायर झालेले, उंच, वाळलेले, पांढऱ्या दाढीचे. शेठच्या ओळखीतून आले होते. त्यांना बोट बांधून हवी होती. साधी नाही, दोन होड्या शेजारीशेजारी, मध्ये पूल, पुलावर बुटकी केबिन, आणि वर शीड. त्यात दोन माणसांनी राहायचं, झोपायचं, स्वैपाक करायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं कोकणात हिंडायचं. फायबरच्या होड्या आमच्याकडं ओतायच्या, आतलं सगळं लाकूडकाम आमच्याकडंच, मग गंगापूर धरणात उतरवून तपासायची, पसंत पडली की कॅप्टन ताब्यात घेणार. परत सुटी करून ट्रकवर समुद्राकडं. कॅप्टन तिला कॅटामरान म्हणायचे. आम्ही 'जुळी' म्हणायला लागलो.

शेठनी मामांना पुढं केलं. "हे आमचे भालेराव. रेल्वेचे डबे केलेत यांनी."

कॅप्टननी विचारलं, "बोट केली आहे कधी?"

"नाय साहेब. बोटीत बसलोबी नाय. पण चालत्या गाडीत माणसानं कसं झोपायचं, कुठं धरायचं, कुठं डोकं आपटंल, त्ये मला ठावं हाय. ही बी हालणारच ना?"

कॅप्टन हसले. काम मामांना मिळालं.

कॅप्टनचा एकच धोशा होता. वजन. या जातीची बोट पिसासारखी हलकी पाहिजे, म्हणायचे, जड झाली की बसली. दर पंधरवड्याला मुंबईहून यायचे आणि आल्या आल्या, "भालेराव, वजन!" मामांनी फळी दाखवली की ती हातात तोलायचे आणि म्हणायचे, "अजून." रेल्वेचा सुतार हो, ज्यानं जन्मभर शंभर माणसांनी लाथा मारल्या तरी तुटू नये असं काम केलं, तो साठीला आल्यावर हलकं काम शिकायला बसला. रंधा मारून मारून फळी पापडासारखी करायचे. फडताळाच्या पाठीला गोल गोल भोकं पाडली, तेवढंच लाकूड कमी. बर्थला पट्ट्यापट्ट्यांची जाळी केली. पण खाचा सगळ्या उभ्या. कॅप्टनचा 'वजन' मला त्यांच्या दोन खेपांतच बसला. मामा फळी उचलत असले की मागून कडाडायचो, "भालेराव, वजन!" आणि मामा खरंच दचकून ती खाली ठेवायचे. मग पेचकस घेऊन माझ्यामागं.

एकदा चहा पिताना मामांनी विचारलं, "साहेब, समुद्रात लय पाणी आसंल नाय?"

"दुसरा काठ दिसत नाही, भालेराव."

"अन् प्यायचं कुठलं?"

"बरोबर न्यायचं. समुद्राचं पिता येत नाही, खारट असतं."

मामांनी बशी खाली ठेवली. "येवढं पाणी अन् पिता येत नाय?" जरा वेळानं स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे मनमाडच की."

सगळे हसले. मीपण हसलो. मामा हसले नव्हते, हे मला नंतर आठवलं.

त्याच सुमारास मी त्यांच्या घरी गेलो. नांदगावला जाताना मनमाडला उतरलो होतो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि बाकी घरात सगळं पाणी. ड्रम भरलेले, हंडे भरलेले, खाटेखाली डबे भरलेले. प्रेशर कुकर भरलेला. फळीवर नातवाची शाळेची बाटली, ती भरलेली. मी म्हटलं, "मामा, दिव्याच्या बल्बमध्ये भरत नाय का?" मामी आतून म्हणाल्या, "मावंल का त्यात? मावत आसंल तर सांग."

मामी म्हणजे ठेंगण्या, ठसठशीत, बोलण्यात मामांच्या वरचढ. त्यांनी मला पाणी दिलं. काठोकाठ भरलेला गिलास. त्या घरात भरून गिलास फक्त पाव्हण्याला. मी अर्धा प्यायलो आणि खाली ठेवला. दोघंही गिलासाकडं बघत राहिले. मी गुपचूप उचलून संपवला.

मामी चहा करायला गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "हिचं माहेर खेड्यातलं. ल्हान होती तव्हा हिच्या घरच्यांनी विहिरीला हात लावायचा नाय. लांब हंडा ठेवून बसायचं. कुणी वरून ओतलं तर ओतलं. निम्मा दिवस बसायची म्हणं. लग्न करून इथं आली, तर इथं नळाच्या लायनीत. आधी माणसाची वाट बघितली, मंग नळाची." खाकरले. "म्या तिला सांगितलंय. बोट झाली की एक डाव तुला पाण्यावर बसवतो. मोकळ्या हातानं. हंडा नाय, कळशी नाय. चारी बाजूनं पाणी, अन् तू नुसती बसून ऱ्हा. कॅप्टनसाहेबाला इचारलंय म्या. हो म्हणलेत."

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या.

त्यानंतर मामा स्टोअरमधून फायबर ओतायचं रेझिन जास्त न्यायला लागले. जास्तीची फायबरची चटई न्यायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "रेडिओ, तुला आवाज काढता येतो, दाबता येतो का?" आणि मला नेऊन दाखवलं.

कॅप्टननी प्यायच्या पाण्याला दोन टाक्या सांगितल्या होत्या. मामांनी अकरा केल्या होत्या. बर्थखालच्या सांदीत, पायरीच्या पोटात, होडीच्या निमुळत्या नाकात, जिथं म्हणून हात जाईल एवढी जागा रिकामी होती तिथं त्या जागेच्या आकाराची टाकी ओतून बसवलेली. एकेक तीन-चार हंड्यांची. प्रत्येकीला हात आत जाईल एवढं तोंड, म्हणजे आतून घासता येईल. वरून लाकडाचं झाकण असं बेमालूम, की सांगितल्याशिवाय दिसू नये. मी म्हटलं, "मामा, कॅप्टनला सांगितलं का?"

"नाय. ताबा घेतील तव्हा सांगणार. समुद्रात जातो माणूस, रेडिओ. प्यायला नाय तिथं. दोन टाक्या कुठं पुरतात? एक डाव नळ गेला म्हंजे?"

"समुद्रात नळ कुठला?"

"तेच म्हणतो ना मी."

आता खरं सांगतो, मला कळायला पाहिजे होतं. ज्यानं महिनोन्महिने 'वजन, वजन' करून नकला केल्या, त्याला पाण्याला वजन असतं हे कळायला पाहिजे होतं. पण मीपण नांदगावचाच. मलाही त्या अकरा टाक्या बघून नुसतं बरं वाटलं होतं.

होळीच्या आधीचे दिवस होते. ट्रकवर दोन होड्या घालून धरणावर नेल्या. काठाला जोडल्या, पूल ठोकला, डोलकाठी उभी केली. दुपारी एक वाजता जुळी पाण्यात ढकलली. मी नाशिकरोडहून मामींना घेऊन तेवढ्यात पोचलो. मामी निळं नवीन पातळ नेसून आल्या होत्या. हातात पिशवी. मामा म्हणाले, "मोकळ्या हातानं ये म्हणलो होतो ना?" मामींनी पिशवी पाठीमागं घेतली. आत फिरकीचा तांब्या होता, प्रवासात नेतात तो, झाकण फिरवून घट्ट करायचा. "वाटंत लागतं," म्हणाल्या. "काय हंडा हाय का त्यो?"

कॅप्टन गुडघाभर पाण्यात उभे होते आणि बोटीच्या कडेला बघत होते. त्यांनी दोन्ही होड्यांवर एक लाल रेघ मारली होती. पाणी त्या रेघेच्या खाली राहिलं पाहिजे.

"रेघ कुठे आहे?" कॅप्टन म्हणाले.

आम्ही चौघं कारखान्यातले काठावर उभे होतो. रेघ पाण्यात वीतभर खाली होती.

कॅप्टन पलीकडच्या होडीला गेले. तिथंही तेच. "भालेराव. काहीतरी आहे आत. काय आहे?"

मामा पुढं झाले, बोटीत चढले. चेहरा असा, की वाढदिवसाची भेट उघडायची वेळ झाली. बर्थवरची गादी उचलली, झाकण काढलं, कॅप्टनना हातानं खूण केली. कॅप्टननी बोट बुडवलं, चाखलं.

"पाणी?"

"गोड हाय साहेब. कारखान्यातल्या नळाचं, फडक्यानं गाळून भरलंय. तीन दिस भरत होतो." आणि एकेक करून झाकणं उघडायला लागले. पायरीतली, नाकातली, फडताळाखालची. कॅप्टन मोजत नव्हते, नुसते बघत होते. शेवटी त्यांनी धरणाकडं बघितलं, मग मामांकडं.

"भालेराव, जरा आजूबाजूला बघा. आपण कुठे उभे आहोत?"

मामांनी बघितलं. आणि मला वाटतं तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. पण ते म्हणाले, "हितं हाय साहेब. म्होरं नाय ना."

कॅप्टन रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. घड्याळ बघून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत वारा आहे. मला आज शीड लावून बघितल्याशिवाय ताबा घेता येणार नाही, आणि उद्या ट्रक निघणार. दोन टाक्या ठेवा. नऊ रिकाम्या करा. बादलीनं उपसा आणि टाका बाहेर."

"बाहेर?"

"धरणात."

मामा हललेच नाहीत. हात जोडले त्यांनी. "साहेब, प्यायचं पाणी हाय. त्ये मी सांडू कसं?"

"अहो, पाण्यात पाणी पडतंय!"

"गाळलेलं हाय."

मग जे झालं ते मी अजून कुणाला हसवून सांगू शकलेलो नाही, आणि मला तर कशावरही हसवता येतं. काठावर बाया पाणी भरायला आल्या होत्या. मामा त्यांच्याकडं गेले. "ताई, गाळलेलं पाणी हाय, घेता का?" बाया एकमेकींकडं बघून हसल्या. "धरणाच्या काठाला ऱ्हातो आमी, आन् हा बाबा आमालाच पानी देतो!" मामा म्हणाले, "हंडा मी वर नेऊन देतो." तेवढं ऐकून त्या तयार झाल्या. आम्ही बादलीनं उपसायचं, हंड्यात ओतायचं, आणि साठीचा म्हातारा तो हंडा खांद्यावर घेऊन चढ चढायचा. वर वाडीत ओतून परत खाली. दोन फेऱ्या झाल्यावर मामींनी पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि डोक्यावर हंडा घेतला. नव्या निळ्या पातळात. मोकळ्या हातानं पाण्यावर बसायला आलेली बाई धरणाच्या काठावर पाणी वाहत होती.

आम्हीपण वाहिलं. काय करणार? मीपण चार खेपा केल्या.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सहा टाक्या झाल्या होत्या. बाया गेल्या. वाडीतली भांडी संपली. ट्रकच्या ड्रायव्हरनं रेडिएटर भरून घेतला. कॅप्टन शिडाचं टोक हातात धरून बसले होते, ते टोक आता कमी फडफडत होतं. तीन टाक्या उरलेल्या.

"भालेराव," कॅप्टन म्हणाले, "अर्धा तास. फार तर."

मामा बोटीत उतरले. बादली भरली. बोटीच्या कडेला नेली आणि धरली. मी काठावरून बघत होतो. त्यांचा हात तिरका होईचना. बादली तशीच, काठोकाठ.

मामी पाण्यातून चालत गेल्या. पातळ भिजलं, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बोटीत चढल्या आणि त्यांच्या हातातून बादली घेतली.

"लय साठवलं," त्या म्हणाल्या. "एक डाव सांडू द्या."

आणि ओतली. परत भरली, परत ओतली. मामांनी तोंड डोंगराकडं फिरवलं होतं. मामी एका लयीत ओतत होत्या, आणि मधल्या बादल्यांना तर त्यांना मजाच यायला लागली. लांब भिरकावून ओतायला लागल्या, अंगणात सडा टाकावा तशी. शेवटच्या बादलीला त्या हसत होत्या. लाल रेघ वर आली.

कॅप्टन म्हणाले, "पहिल्या फेरीला माझ्याबरोबर एकच माणूस. भालेराव, तुम्ही या. बोट तुमची आहे."

"ती," मामा म्हणाले.

"बरं. पुढच्या फेरीला तुम्ही."

मामा खाली उतरले, पाण्यात उभं राहून बोट ढकलली. शीड फुगलं. आणि जुळी गेली. असं वाटलं, की ती पाण्यावर नव्हतीच, वरच्या वर चालली होती. मामी मधल्या पुलावर मांडी घालून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. मामा माझ्या शेजारी उभे राहिले, गुडघ्यापर्यंत ओले. निळं पातळ ठिपक्याएवढं झालं तेव्हा म्हणाले, "हात कुठं हायेत तिचे? दिसतात का तुला?"

"मोकळे हायेत मामा," मी म्हटलं.

मला एवढ्या लांबून काही दिसत नव्हतं.

परत येताना वारा पडला. कॅप्टननी शेवटी वल्ह्यानं आणली. दुसरी फेरी झालीच नाही. मामी उतरल्या, आणि त्यांच्या हातात फिरकीचा तांब्या होता. पिशवी माझ्या हातात देण्याआधी त्यांनी तो कमरेला खोचून घेतला होता, आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. तांब्या भरलेला होता, झाकण घट्ट लावलेलं.

मामा म्हणाले, "अगं, मोकळ्या हातानं म्हणलो होतो."

"येवढं पाणी व्हतं," मामी म्हणाल्या. "माझ्या हातानं घेतलं. मधोमध जाऊन. कुणाला न इचारता." आणि तांब्या त्यांच्यापुढं धरला. "घ्या. तुमच्यासाठी आणलंय."

मामा वरून ओतून प्यायला लागले. सगळा तांब्या प्यायले. अर्धा नाही. मी त्यांना आयुष्यात एकदाच भरून पाणी पिताना बघितलं.

कॅप्टननी तिथंच पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून सही केली. बोट ताब्यात घेतली. मग केबिनमध्ये शिरले आणि लवकर बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा अंगठ्याचं नख चोळत होते. "सगळे उभे आहेत," म्हणाले. "भालेराव, आतले, गादीखालचेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. पुढं जुळीचं काही कळलं नाही. मामा वर्षभर टाक्यांचे साचे करत राहिले, मग गुडघे धरले आणि यायचे बंद झाले. कारखान्यात दोनतीन महिने कुणी 'भरलं का' म्हणालं नाही, आणि मग एक दिवस मीच एका नव्या माणसाला म्हणालो. त्यानं विचारलं, काय भरलं?

मलाही पुढं विदर्भात नोकरी लागली. गाडी मनमाडवरून जाणार म्हणून मामांना पत्र टाकलं. वाटलं नव्हतं येतील. गाडी थांबली तर फलाटावर उभे, काठी घेऊन, आणि हातात तोच तांब्या.

"जय भीम, रेडिओ. भरलं का?"

"नाय मामा."

"म्हणून आलो." खिडकीतून तांब्या आत दिला. "वाटंत कुठलंबी पिऊ नको."

"मामी कुठंयत?"

"घरी. आज पाणी यायचंय. एकानं नळापाशी पायजे." खाकरले. "बोटीचं काय कळलं?"

"नाय."

"आसंल कुठंतरी." मग इकडंतिकडं बघून, जरा लाजून म्हणाले, "त्यो आवाज काढ की. साहेबाचा."

"वजन?"

"वजन नको. दुसरा."

मला कळलं. मी उठून डब्याच्या दारात आलो, छाती पुढं काढली, अदृश्य दाढी कुरवाळली, आणि कॅप्टनच्या आवाजात म्हणालो, "भालेराव! चला, वर या. पुढची फेरी तुमची."

मामांनी दाराची दांडी धरली. काठी बगलेत घेतली आणि एक पाय खरंच पायरीवर ठेवला. क्षणभर तसेच, एक पाय वर, एक फलाटावर. मग त्यांचं अंगठ्याचं नख दाराच्या पट्टीवर गेलं, सवयीनं, एका स्क्रूवरून दुसऱ्यावर, आणि थांबलं.

"झोपलाय हा," ते म्हणाले.

गाडीनं धक्का दिला. त्यांनी पाय खाली घेतला. मी ओरडलो, "मामा, तांब्या!" पण गाडी सुटली होती, आणि ते तांब्याचं ऐकतच नव्हते. मी दारातून वाकून बघत होतो. फलाटाच्या टोकाला काठीवर रेलून ते लहान लहान होत चालले होते आणि उजवा हात वर करून हवेत मनगट फिरवत होते, परत परत. बघणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा कुणाला तरी निरोप देतोय. ते मला सांगत होते, की त्या स्क्रूला उठव.